कथानकावर चालणारा आरपी (रोलप्ले) इव्हेंट आखताना कथा आधी किती लिहून ठेवावी?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर आमचा मराठी रोलप्लेचा, म्हणजे एकेक पात्र घेऊन मिळून कथा लिहिण्याचा, एक सर्व्हर आहे. सभासद सत्तरच्या घरात दिसत असले तरी लिहिते हात पंचवीसच आहेत. त्यांतले बहुतेक अमळनेर, पारोळा, धुळे, भुसावळ या भागातले, काही नोकरीनिमित्त पुण्याला आणि सुरतेला गेलेले, आणि एक ताई दुबईला असतात. आम्ही सर्वांनी मिळून तापीकाठी एक काल्पनिक राज्य उभे केले असून त्याचा काळ साधारण खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या अखेरचा, म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटचा धरला आहे. एरवीचे लेखन बाजार, घाट, सराई, नदीवरची नाव अशा ठिकाणी ज्याच्या त्याच्या सवडीने चालते आणि ते चांगले चालते. घोडे अडते ते इव्हेंटपाशी, म्हणजे ठरलेल्या वेळी सर्वांनी मिळून खेळायच्या प्रसंगापाशी.

गेल्या उन्हाळ्यात मी किल्ल्याच्या वेढ्यावर एक इव्हेंट ठेवला. वेळ शनिवारी रात्री नऊ ते बारा. त्यासाठी पंधरा दिवस बसून चौदा पानांची कथा लिहिली होती. किल्लेदार शत्रूला फितूर आहे, हे रहस्य शेवटच्या अर्ध्या तासात उलगडायचे होते. प्रत्यक्षात सव्वानऊ वाजता एका खेळाडूने, ज्याचे पात्र किल्ल्यातला आचारी आहे, किल्लेदाराच्या ताटात विष कालवले. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला की आपल्या पात्राचा भाऊ याच किल्लेदारामुळे मेला, हे आपण दोन महिन्यांपूर्वीच सराईच्या चॅनलवर लिहून ठेवले आहे. त्याने खरोखरच लिहिले होते. मीच ते वाचले नव्हते. मी गडबडलो आणि निर्णय देऊन टाकला की वैद्य वेळेवर पोहोचला व विष उतरवले गेले. त्यानंतर सगळ्यांचा उत्साहच ओसरला. साडेदहाला धुळ्याकडच्या तिघांची वीज गेली, अकरा वाजता सहा जण उरले, आणि फितुरीचा प्रसंग मी त्या सहा जणांना जवळजवळ वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी आचाऱ्याने आपले पात्र सोडल्याचे कळवले.

आता श्रावणात, नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी, पुन्हा एक इव्हेंट घ्यावा असे मनात आहे. कथा आधी किती लिहावी, मुख्य पात्र मध्येच मेले तर काय करावे, आणि वीस-पंचवीस जण एकाच वेळी लिहू लागले की होणारा गोंधळ कसा आवरावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. शिवाय या वेळी काल्पनिक किल्ल्याऐवजी थेट तापीकाठचा थाळनेरचा किल्ला आणि १८१८ साल घ्यावे, असा काहींचा आग्रह आहे. त्यावरही मत हवे आहे.

रात्रपाळी (भुसावळ)

भाऊ, सर्वांत आधी त्या आचाऱ्याला परत बोलवा. दोन महिने मनात वैर धरून योग्य क्षणाची वाट पाहणारा खेळाडू सहजासहजी मिळत नाही.

तुमच्यावर जो प्रसंग आला तो या छंदाच्या जन्मापासून अनेकांवर आलेला आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' या खेळाची चाचणी सुरू असताना त्याचे कर्ते रिचर्ड गॅरियट हे 'लॉर्ड ब्रिटिश' या राजाच्या रूपात आपल्या प्रजेला भेटायला आले. मध्येच सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता आणि आपले पात्र अवध्य ठेवण्याची खूण पुन्हा लावायला ते विसरले. गर्दीतल्या एका खेळाडूने त्यांच्यावर आगीचा मंत्र टाकला आणि राजा सर्वांदेखत मेला. त्या भेटीसाठी काय काय ठरवले होते ते आज कोणाच्या खिजगणतीतही नाही, मात्र राजा कसा मेला हे लोक अजून एकमेकांना सांगतात. तुमच्या हाती सव्वानऊ वाजताच तसा प्रसंग आला होता आणि वैद्य पाठवून तो तुम्ही घालवलात, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

किल्लेदार मेला हे मान्य केले असते तर पुढे काय झाले असते ते पाहा. किल्ल्याच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला लावायच्या, यावरून भांडण लागले असते. विष कोणी घातले याचा तपास सुरू झाला असता. बाहेर शत्रू ज्याच्या निरोपाची वाट पाहत होता तो माणूसच गेल्यामुळे शत्रूलाही नवा फितूर शोधावा लागला असता, आणि ते काम तुम्ही एखाद्या खेळाडूकडे गुपचूप देऊ शकला असता. अडचण अशी झाली की राक्षसाचा जीव पोपटात ठेवावा तसे तुम्ही सगळे रहस्य एकट्या किल्लेदारात ठेवले होते. माझा नियम असा आहे की जी गोष्ट खेळाडूंना कळलीच पाहिजे, तिच्याकडे जाणाऱ्या किमान तीन वाटा ठेवायच्या, आणि त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. तुमच्याच कथेत किल्लेदाराच्या उशाखाली अर्धवट लिहिलेला कागद असता, मध्यरात्री दिंडी दरवाजातून घोडा बाहेर गेल्याचे पागेतल्या मोतद्दाराने पाहिलेले असते, आणि कोठारातल्या धान्याचा हिशेब वहीपेक्षा चाळीस पोत्यांनी कमी भरला असता, तर किल्लेदार पहिल्या घासाला मेला असता तरी फितुरी उघडकीस आली असती. यातली एक वाट खेळाडूंच्या नजरेतून सुटते, दुसरीचा ते भलताच अर्थ लावतात, आणि तिसरी लागू पडते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता मला त्याचे नवल वाटत नाही.

आता कथा किती लिहावी हा प्रश्न. आपल्याकडच्या तमाशातला वग आठवा. जुन्या फडांत वगाचे संवाद कागदावर उतरवलेले नसत. राजा कोण, प्रधानाच्या मनात काय आहे, शेवटी न्याय कोणाला मिळणार एवढा सांगाडा सर्वांना ठाऊक असे, आणि बाकीचे संवाद त्या रात्रीच्या प्रेक्षकांकडे पाहून ऐनवेळी उभे राहत. इव्हेंट चालवणाऱ्या सूत्रधाराची तयारी नेमकी तेवढीच असावी. मी प्रत्येक महत्त्वाच्या पात्रासाठी तीनच वाक्ये लिहितो: त्याला काय हवे आहे, ते मिळवण्यासाठी तो काय करायला तयार आहे, आणि त्याला कोणी अडवलेच नाही तर तो ते कधी करील. चौदा पानांच्या जागी दीड पान होते. उरलेला वेळ खेळाडूंचे जुने लेखन वाचण्यात घालवतो, कारण आचाऱ्याच्या भावासारख्या गोष्टी तिथेच पडलेल्या असतात.

तुमचा काळ फारुकींचा आहे, तर थोडे पूर्वेला सरकून असीरगड पाहा. आज तो मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरजवळ असला तरी खानदेशच्या सुलतानांचे खरे बळ तोच होता. अकबराने त्याला वेढा घातला आणि जानेवारी १६०१ मध्ये तो पडला. गंमत अशी की तो नेमका का पडला याबद्दल जुने वृत्तांत एकमेकांशी जुळत नाहीत. एकीकडे गडावर रोगराई पसरल्याचे सांगतात, दुसरीकडे सुलतान बहादूरशहाला शब्द देऊन बाहेर बोलावले आणि अडकवून ठेवले असे येते, आणि गडावरच्या सरदारांना सोने चारून दरवाजे उघडवले हेही सांगितले जाते. इतिहासकारांसाठी हा वादाचा विषय असेल, पण सूत्रधारासाठी यात एकाच वेढ्याचे तीन शेवट आयते मिळतात. गडावरचे लोक रोगाने खचतील, राजा वाटाघाटीला उतरेल किंवा कोणीतरी विकला जाईल. यांपैकी काय होईल, की यांतले काहीच न होता गड टिकेल, हे तुमच्या पंचवीस जणांना ठरवू द्या.

शेवटची गोष्ट घड्याळाची. वेढ्याच्या इव्हेंटमध्ये मी एक पाण्याचे टाके ठेवले होते. टाक्यात उतरायला सहा पायऱ्या आणि सुरुवातीला सहाही पाण्याखाली. रोज संध्याकाळी आठ वाजता मी चॅनलवर एकच ओळ टाकत असे: 'आज दुसरी पायरी उघडी पडली.' याखेरीज एक शब्दही लिहीत नसे. पहिल्या दिवशी कोणी लक्ष दिले नाही. तिसऱ्या दिवशी घोड्यांना पाणी किती द्यायचे यावर पागा आणि मुदपाकखाना यांच्यात जुंपली. चौथ्या दिवशी धान्याच्या व्यापाऱ्याने आपल्या वाड्यातल्या आडाला कुलूप घातले, आणि तोपर्यंत कधीच न बोललेल्या एका मुलाने लिहिले, 'टाकामा पानी नही शे, आते काय करानं?' त्या एका ओळीनंतर जे सुरू झाले ते रात्री दोनपर्यंत थांबले नाही. ते कुलूप माझ्या कागदावर कुठेही नव्हते.

म्हणून सगळा इव्हेंट तीन तासांत कोंबू नका. पाच दिवस सावकाश लिहिण्याचे ठेवा आणि शेवटच्या रात्री दीड तास सर्वांनी एकत्र यावे. ज्याची वीज गेली तो दुसऱ्या दिवशी सकाळी लिहील.

गिरणाकाठ (पाचोरा)

रात्रपाळी दादांचे बहुतेक म्हणणे पटते, पण एका मुद्द्यावर माझा अनुभव वेगळा आहे. सगळे मोकळे सोडले की मुरलेले चार-पाच खेळाडू मैदान मारतात आणि नवखे काठावर उभे राहून पाहत बसतात. 'तुम्हाला हवे ते करा' हे वाक्य नवख्याला सर्वांत अवघड जाते. दादांचा तो मुलगा चौथ्या दिवशी बोलला हे चांगलेच झाले, परंतु आमच्याकडे असे काही जण पाचही दिवस बोलले नाहीत आणि नंतर सर्व्हर सोडून गेले.

त्यावर आम्ही काढलेला उपाय म्हणजे प्रत्येकाला खासगी निरोपात एक चिठ्ठी. चिठ्ठीत त्याचे किल्ल्यातले काम, त्याला ठाऊक असलेली आणि इतर कोणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट, आणि ज्याच्याशी आज बोललेच पाहिजे अशा एका माणसाचे नाव असते. उदाहरणार्थ: 'तू उत्तर बुरुजावरचा पहारेकरी आहेस. काल रात्री नदीच्या पात्रात तू मशाल हलताना पाहिलीस. नावाड्याकडे तुझे दोन मोहरा येणे आहे.' एवढ्यावर शाळकरी मुलगासुद्धा अर्धा तास लिहितो. मात्र चिठ्ठीतली गुप्त गोष्ट त्याने लपवून ठेवली तर इव्हेंट अडू नये, म्हणून दादांचा तीन वाटांचा नियम येथेही पाळावा लागतो.

गर्दीबद्दल बोलायचे तर, एका चॅनलवर एका वेळी सहाच्या वर माणसे लिहू लागली की कोण कोणाला उत्तर देत आहे हे कळेनासे होते. किल्ला चार ठिकाणी वाटून टाका: दरवाजा, मुदपाकखाना, बुरुज आणि नदीघाट. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र थ्रेड उघडा आणि तुमच्याखेरीज आणखी दोघांना तरी उपसूत्रधार करा. एका जागेची बातमी दुसऱ्या जागी न्यायची असेल तर कोणीतरी पात्र स्वतः चालत गेले पाहिजे, असा नियम ठेवला की निरोप्याला अचानक महत्त्व येते आणि बातमी वाटेत बदलतेही, ज्याची मजा वेगळीच असते. चॅनलला स्लो मोड लावून प्रत्येकाच्या दोन संदेशांत दोन मिनिटांचे अंतर ठेवले तर मोबाइलवर देवनागरीत सावकाश टंकणारेही बरोबरीने चालू शकतात. डिस्कॉर्डचा साधा संदेश दोन हजार अक्षरांत संपतो ही मर्यादा मला तर देणगीच वाटते, कारण आमच्यातले एक गृहस्थ सूर्यास्ताचे वर्णन त्याही पुढे नेत असत.

आता मोकळीक देताना घ्यायच्या खबरदारीविषयी. 'अॅशरन्स कॉल' नावाचा एक ऑनलाइन खेळ १९९९ मध्ये आला होता आणि त्याची कथा दर महिन्याला पुढे सरकत असे. त्या कथेत काही स्फटिक फोडले गेल्यावर एक महाभयंकर दैत्य बंधनातून सुटणार होता. खेळाडू ते स्फटिक फोडतील हे कंपनीने गृहीत धरले होते आणि इतर सर्व्हरांवर तसे झालेही. एका सर्व्हरवरच्या खेळाडूंनी मात्र शेवटच्या स्फटिकाभोवती पहारा बसवला आणि तो फोडू दिला नाही. पुढच्या महिन्याची कथा अडली. अखेर कंपनीच्याच माणसांना बलाढ्य पात्रे घेऊन मैदानात उतरावे लागले आणि पहारा मोडून काढावा लागला. त्या लढवय्यांच्या स्मरणार्थ नंतर त्या सर्व्हरवर एक स्मारक उभारले गेले, ही त्यातल्या त्यात शोभेची गोष्ट.

यावरून मी स्वतःपुरते असे ठरवले आहे की जो परिणाम मला मान्य होणारच नाही तो खेळाडूंपुढे पणाला लावायचाच नाही. किल्ला पडलाच पाहिजे, कारण पुढच्या वर्षीची तुमची कथा बऱ्हाणपुरात घडणार आहे, असे असेल तर तो पडल्यापासूनच इव्हेंट सुरू करा. आणि मग आतून कोणाला बाहेर काढायचे, दप्तर जाळायचे की पुरायचे, नावेत जागा कोणाला द्यायची, हे खरोखरच त्यांच्या हाती सोपवा. लोक हरायला तयार असतात. हरणे आधीच ठरलेले असताना त्यांना दोन तास लढायला लावले की मात्र ते चिडतात, आणि ते रास्तच आहे.

अक्राणी (धडगाव)

थाळनेरविषयी विचारले आहे म्हणून लिहिते. मी शाळेत शिकवते आणि आमच्या सर्व्हरवर नववी-दहावीची मुले आहेत, तेव्हा हा प्रश्न आमच्यापुढेही आला होता.

थाळनेर ही फारुकी घराण्याची पहिली गादी. त्यांच्या कबरी आजही तापीकाठी उभ्या आहेत. तुमच्या राज्याला हवे असलेले वातावरण, म्हणजे नदीचा घाट, व्यापाऱ्यांची ये-जा, गुजरात आणि माळवा यांच्यामध्ये सापडलेले छोटे राज्य, हे सगळे तिथून खुशाल घ्यावे. १८१८ ची गोष्ट मात्र निराळी आहे. मंदसौरच्या तहाने होळकरांचा खानदेशातला मुलूख इंग्रजांकडे गेला, आणि फेब्रुवारी महिन्यात जनरल हिस्लॉपचे सैन्य थाळनेर ताब्यात घ्यायला आले. दरवाजात बोलणी चालू असताना झटापट होऊन इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर आतल्या शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आली. दरवाजात नेमके काय घडले, शरण येण्याची भाषा एकमेकांना समजली होती की नाही, याचा वाद त्याच काळात सुरू झाला होता. अशा प्रसंगात एखाद्या मुलाला फास आवळणाऱ्याचे पात्र देऊन 'आता रंगवून लिही' असे सांगणे मला जमले नाही. शिवाय शेवट सर्वांना ठाऊक असल्यामुळे वरच्या दोघांनी सांगितलेली मोकळीकही त्यात उरत नाही. किल्ला काल्पनिकच ठेवा आणि त्याला नाव तुमचे तुम्ही द्या.

याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. खानदेशावर बेतलेल्या प्रत्येक आरपीत डोंगरातून उतरून गाव लुटणारी भिल्लांची टोळी ठरलेली असते. सूत्रधाराला शत्रू हवा असतो आणि हा शत्रू त्याला आयता सापडतो. इंग्रजांच्या कागदपत्रांत आमच्या लोकांचे वर्णन कसे आहे हे मला ठाऊक आहे. ते वर्णन करणाऱ्यांनीच १८२५ मध्ये भिल्ल कोअर ही पलटण उभी करून त्याच लोकांच्या हाती घाटांची राखण दिली होती. १८५७ मध्ये खाज्या नाईकांनी बंड केले आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई झाली, तिचे नाव आमच्या घरात अजूनही आवाज खाली आणून घेतात. एका इव्हेंटमध्ये माझ्याच एका विद्यार्थ्याला 'टोळीतला लुटारू क्रमांक ३' ही भूमिका मिळाली. त्याने काहीही तक्रार केली नाही, फक्त दोन ओळी लिहून तो ऑफलाइन गेला. तुमच्या कथेत डोंगरातली माणसे येणार असतील तर त्यांना नावे द्या, त्यांचा नाईक वाटाघाटी करणारा असू द्या, घाट कोणाच्या हुकमतीत आहे आणि त्याचा मोबदला ठरल्याप्रमाणे मिळाला की नाही यावर भांडण होऊ द्या. कथेलाही त्याने वजन येते, कारण लुटारूशी फक्त लढता येते, घाटाच्या मालकाशी बोलावे लागते.

इव्हेंट सुरू होण्यापूर्वी काय चालेल आणि काय चालणार नाही हे उघडपणे ठरवून घ्यावे. आम्ही एक पद्धत ठेवली आहे: चालू प्रसंग कोणालाही नकोसा झाला तर त्याने चॅनलवर फक्त 'पान उलटा' असे लिहायचे. सूत्रधार कारण न विचारता प्रसंग तिथेच सोडून पुढच्या सकाळपासून सुरुवात करतो. टेबलावर बसून रोलप्ले करणाऱ्यांमध्ये जॉन स्टॅव्ह्रोपूलोस यांचे एक्स कार्ड वापरतात, त्याचेच हे आमचे रूप. दोन वर्षांत हे शब्द तीनदा लिहिले गेले. तिन्ही वेळा खेळ पुढे चालू राहिला.

धडगावकडे रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे पाच दिवसांच्या इव्हेंटला माझा पाठिंबा आहे.

वरणबट्टी (जळगाव)

बाकी सगळे राहू द्या, आधी तारीख बदला! नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी आपल्या खानदेशची देवी कानबाई बसणार. सगळी भाऊबंदकी एका घरात, रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन, आणि मग उरलेले रोट संपेपर्यंत कोणाला हात रिकामा नसतो. तुमचे सुरतेचे खेळाडू त्या दिवशी गावीच आलेले असतील, पण लॅपटॉप उघडण्यासाठी नव्हे. मागे आम्ही हीच चूक केली आणि राज्याभिषेकाला राजा, पुरोहित आणि एक हत्ती एवढेच हजर होते.

तारखांबद्दल आणखी एक: दिवाळीनंतर घ्यायचे ठरवाल तर कापूस वेचणीचा विचार करा. शेतीवाल्या घरांतली पोरे दिवसभर राबून रात्री नऊला झोपलेली असतात.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे मनापासून आभार. वरणबट्टी, तुमचा निरोप वाचून आईला विचारले; तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती येथे वर्णन करत नाही. कॅलेंडर पुढे धरून कानबाई कोणत्या रविवारी हे विचारायचे मला सुचले नाही, ही लाजेची गोष्ट खरी. आता इव्हेंट त्याच्या पुढच्या आठवड्यात, मंगळवार ते शनिवार, असा पाच दिवसांचा ठेवतो.

काल रात्री आचाऱ्याला निरोप पाठवून माफी मागितली. तो परत यायला तयार आहे, पण त्याची एक अट आहे: किल्लेदार त्या रात्री मेलाच होता असे अधिकृतपणे जाहीर करावे. त्यावरून सुचले की नवा इव्हेंट तिथूनच सुरू करता येईल. किल्लेदाराला जाऊन तीन दिवस झाले आहेत, त्याचा लहान भाऊ किल्ल्या सांभाळत आहे, आणि वैद्याने 'विष उतरवले' असे जे सांगितले ते बाहेरच्या शत्रूला कळू नये म्हणून पसरवलेले खोटे होते. माझाच चुकीचा निर्णय आता कथेत वैद्याच्या गळ्यात मारला आहे.

अक्राणी ताई, थाळनेरचा विचार सोडून दिला आहे. जुन्या चौदा पानांत डोंगरातून येणारी टोळी होती, हे तुमचे लेखन वाचल्यावर पुन्हा उघडून पाहिले. 'टोळी' या शब्दापलीकडे मी त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिलेली नव्हती. आता घाटाचा नाईक हे पात्र नंदुरबारच्या एका सभासदाने मागून घेतले आहे, आणि वाटाघाटीत काय मागायचे ते त्याचे तो ठरवणार आहे. मी विचारणार नाही.

गिरणाकाठ दादा, चिठ्ठ्या लिहायला बसलो आहे. अकरा झाल्या, चौदा राहिल्या. प्रत्येकाचे मागचे लेखन वाचून लिहायचे म्हणजे एका चिठ्ठीला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. दोन शंका उरल्या आहेत. टाक्याच्या पायऱ्या खेळाडूंच्या कृतीमुळे पुन्हा पाण्याखाली जाऊ द्याव्यात का? आणि दुबईच्या ताईंची वेळ आपल्या दीड तास मागे असल्यामुळे त्या नेहमी उशिरा येतात, त्यांना कुठे बसवावे?

रात्रपाळी (भुसावळ)

पायऱ्या खाली जाऊ द्या, पण फुकट नको. पाऊस पाडण्याचा मोह टाळा. तुमच्या मर्जीने आलेले पाणी कोणालाच आपले वाटत नाही. रात्री नदीघाटावर जाऊन पखाली भरून आणल्या तर एक पायरी पाण्याखाली जाईल, मात्र डोंगरातल्या घाटाच्या नाईकाने वाट दिली तरच, आणि त्याबदल्यात तो जे मागेल ते दरवाजावरच्या लोकांना मान्य असले तरच. म्हणजे तुमचे दोन थ्रेड आपोआप एकमेकांत गुंततात. व्यापाऱ्याच्या आडाचा विचार कोणी केला तर नाही म्हणू नका.

दुबईच्या ताईंना मध्यरात्रीचा पहारा द्या. आपल्याकडचे अकरा म्हणजे त्यांचे साडेनऊ, जेवण उरकून निवांत बसण्याची वेळ. बाकीचे पेंगुळलेले असताना बुरुजावर त्या एकट्याच जाग्या असतील, आणि नदीच्या पात्रातली मशाल त्यांनाच दिसेल. गिरणाकाठांनी वर नमुना म्हणून लिहिलेली पहारेकऱ्याची चिठ्ठी जशीच्या तशी त्यांना पाठवा. फक्त दोन मोहरांचे येणे नावाड्याऐवजी आचाऱ्याकडे ठेवा.